उजव्या खांद्यावरचं जानवं

ती फळी मी केली होती, मिस्त्रींनी नाही. एवढं साधं वाक्य मला भरल्या घरात, पन्नास माणसांसमोर म्हणायचं होतं. मी नेमकं उलटं म्हणालो आणि पुढे चार वर्षं तेच खरं म्हणून चालू दिलं. माझ्या हातून कामात चूक झाली, ती कुणाच्याही हातून झाली असती. पण त्या चुकीला मी दुसऱ्या माणसाचं नाव चिकटवलं, तो गुन्हा माझा एकट्याचा.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी कोल्हापुरात एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. नुकतंच लग्न झालेलं. महाद्वार रोडच्या मागच्या बोळात एका मिस्त्रींचं दुकान होतं. देवांच्या तसबिरींना चौकटी करायच्या, देव्हारे करायचे आणि लग्नामुंजीचे पाट नि चौरंग रंगवून द्यायचे, हे त्यांचं काम. पाटांवर वेलबुट्टी असायची, पण ती ब्रशानं काढलेली नसे. छापील कागदावरची वेल ते सरळ लाकडावर उतरवायचे. कागद कुठे दिसायचा नाही, बोट फिरवलं तरी कड लागायची नाही. लाकडाच्या रेषा वेलीच्या पानांतून आरपार दिसायच्या. मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि वेडा झालो.

दर रविवारी दुपारी मी त्यांच्या दुकानी जाऊन बसू लागलो. मिस्त्री माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी मोठे. हातचं राखून शिकवणं त्यांना माहीत नव्हतं.

"लाकडाला वार्निश लावायचं आनि वाट बघायची, मास्तर," ते म्हणायचे. "बोट लावलं की चिकटलं पायजे, पर बोटाला लागून वर काय आलं न्हाय पायजे. तवा कागद पालथा घालायचा. फडक्यानं दाबून सगळी हवा काढायची. दोन दिस हात लावायचा न्हाय."

दोन दिवसांनी पाण्याचा हात लावून कागद चोळायचा. भिजलेला कागद अंगावरच्या मळासारखा वळ्या वळ्या होऊन सुटतो आणि शाई तेवढी लाकडावर राहते. मग वरून वार्निशाचे हात द्यायचे, एक वाळला की दुसरा. छापलेलं चित्रच असं उतरतं, स्टुडिओतला फोटो उतरत नाही. तो चोळला तर सगळाच जातो.

"आनि एक ध्येनात ठेवा," मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "चित्र उलटं उतरतंय. वेलीला काय, डावं-उजवं सारखंच. पर गणपती मी असा कधी काढत न्हाय. सोंड फिरती. डाव्या सोंडेचा उजव्या सोंडेचा झाला तर घरात ठेवायचं धाडस कोण करनार? त्याचं सोवळं कोण पाळनार?"

"आणि माणसाचं चित्र?"

"माणूस सुलटा चिकटवायचा. कात्रीनं कापायचा, मागनं खळ लावायची, वरनं सात-आठ हात वार्निश मारायचं."

तसं एक काम त्यांनी मला दाखवलंही. एका शेतकऱ्याचं छापील चित्र, फेट्यासकट कापून फळीवर चिकटवलेलं. मला ते ओबडधोबड वाटलं. कागदाची कड बोटाला लागत होती. मी मनात म्हटलं, मी याहून चांगलं करीन.

माझे सासरे संस्कृतचे शिक्षक होते, नुकतेच निवृत्त झालेले. अठ्ठेचाळीस साली गांधीजींच्या खुनानंतर गावात ब्राह्मणांची घरं जळाली त्यांत त्यांचंही घर होतं. नंतर घर पुन्हा उभं राहिलं, पण पेटीतले सगळे फोटो गेले. सासऱ्यांचं एकच चित्र उरलं होतं, तेही छापील. त्यांच्या शाळेच्या वार्षिक अंकात ब्लॉक करून छापलेलं. शाळेतल्या गणपतीची प्रतिष्ठापना दरवर्षी ते करायचे, तेव्हा काढलेला फोटो. अंगावर उपरणं सैल घेतलेलं, छाती उघडी, डाव्या खांद्यावरून जानवं, चेहऱ्यावर वर्गात मुलांना उत्तर आलं की यायचं तसं अर्धवट हसू. अंकाच्या दोन प्रती होत्या. एक त्यांच्या कपाटात, एक माझ्याकडे.

त्या वर्षी त्यांची साठीशांत ठरली. साठाव्या वर्षी माणसाचं गंडांतर टळावं, पुढचं आयुष्य मिळावं म्हणून करतात तो विधी. मी ठरवलं, त्या दिवशी हे चित्र लाकडावर उतरवून द्यायचं. कुणाला आधी सांगायचं नाही.

मिस्त्रींकडून शिवणीची पांढरट फळी घेतली. "कशाला पायजे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एक गंमत आहे." ते हसले आणि रंधा मारून, घासून फळी आरशासारखी करून दिली. पैसे घेतले नाहीत.

बायको तयारीसाठी माहेरी गेली होती, तेही गावातच, पण घर मला मोकळं मिळालं. मी कागद पालथा घातला. त्या वेळी माझ्या मनात मिस्त्रींचे शब्द नव्हते असं नाही. होते. पण मला गणपतीची सोंड तेवढी आठवत होती. सासऱ्यांच्या चेहऱ्याला सोंड थोडीच आहे, चेहरा उलटा झाला तरी कुणाला कळतोय, असा माझा हिशेब.

साठीशांत रविवारी होती. गुरुवारी दुपारी शाळेतून आल्यावर मी कागद चोळायला घेतला. सुरुवात चेहऱ्यापासून केली. आधी कपाळ आलं, मग डोळे, मग ते अर्धवट हसू. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. मी खाली सरकलो. गळा आला. मग पांढरी बारीक रेघ दिसू लागली आणि माझा अंगठा तिथेच थांबला.

जानवं उजव्या खांद्यावर होतं.

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जानवं नेहमी डाव्या खांद्यावर असतं. ते उजव्या खांद्यावर जातं फक्त पितरांच्या कामाला, पिंड देताना, श्राद्धात. त्याला अपसव्य म्हणतात. माझी मुंज झालेली, वडिलांचं श्राद्ध मी दरवर्षी करत होतो. मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी ब्लेडचं टोक घेऊन ती रेघ खरवडू लागलो. रेघ गेली नाही, तिच्याशेजारी ओरखडा उठला. ब्रशानं झाकावं तर छातीवर डाग दिसणार. मग मी खाली बसलो.

तीन दिवस हातात होते. सासऱ्यांच्या कपाटातली दुसरी प्रत मागता आली असती. मिस्त्रींकडे पळत जाता आलं असतं, त्यांनी एका संध्याकाळीत सुलटं चित्र चिकटवून दिलं असतं. काहीच जमलं नाही तर धोतराचं पान देता आलं असतं. पण मी पुन्हा चेहऱ्याकडे पाहिलं. इतका सुरेख चेहरा मी त्यानंतर कधी उतरवू शकलो नाही. हा फेकून द्यायचा? मी स्वतःला सांगितलं, रेघ बारीक आहे, कुणाचं लक्ष जाणार नाही. आणि त्याच दुपारी, मन बदलू नये म्हणून, वार्निशाचा पहिला हात मारून टाकला. रविवारपर्यंत आणखी तीन. एकदा वार्निश बसलं की मागे फिरता येत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. म्हणूनच मी घाई केली.

रविवारी होम झाला. बायकांनी सासऱ्यांना साठ दिव्यांनी ओवाळलं. मग पाहुणे एकेक करून वस्तू देऊ लागले. मी माझी फळी कापडातून काढली आणि त्यांच्या हातात दिली.

ते बघतच राहिले. "अरे, हा तर मीच!" म्हणाले. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. फळी हातोहात फिरू लागली. "काय काम आहे!" "आता बोलतील असं वाटतंय." माझे मेहुणे, बायकोचे थोरले भाऊ, कोर्टात कारकून होते. त्यांनी फळी उजेडाकडे धरून विचारलं, "कुणी केलं हो हे?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. मला तो क्षण थोडा लांबवायचा होता. आणखी एक-दोघांनी वाहवा करावी, मग मी अगदी सहज सांगावं. मी नुसता हसलो.

तेवढ्यात फळी उपाध्यांच्या हातात गेली. त्यांनी ती नाकाजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

"जानवं उजव्या खांद्यावर?" ते म्हणाले. "हे अपसव्य आहे."

होमाचा धूर अजून होता, कुणीतरी खोकलं. मग एक म्हातारी आत्या म्हणाली, "अगंबाई! आणि आजच्या दिवशी?"

सासऱ्यांनी परिस्थिती सावरायचा प्रयत्न केला. "अहो, आरशात मी रोज असाच दिसतो," ते म्हणाले. "दाढी करताना मी काय श्राद्ध घालत असतो काय स्वतःचं?"

श्राद्ध हा शब्द त्यांनी गमतीनं उच्चारला, पण तो त्या दिवशी त्या घरात उच्चारला गेला, हेच बायकांना लागलं. सासूबाईंनी फळी उपाध्यांच्या हातून घेतली आणि पालथी करून कोनाड्यात ठेवली. दिव्यांचं ताट अजून तिथेच होतं.

मेहुण्यांनी माझ्याकडे वळून पुन्हा तोच प्रश्न विचारला. "कुणी केलं हे?"

आणि मी म्हणालो, "मिस्त्रींनी. मी फक्त चित्र दिलं होतं."

माझी बायको दाराशी उभी होती. माझ्या नखांत वार्निश होतं, आणि ते तिनं सकाळीच पाहिलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर वळवली.

मला वाटलं, गोष्ट इथे संपेल. पण दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मेहुणे माझ्या दारात. "चला. दुकान दाखवा. त्याला विचारायचंय."

"जाऊ द्या हो," मी म्हणालो. "गरीब माणूस आहे."

"गरीब असला म्हणून? आईनं कालपासून अन्न घेतलेलं नाही."

मी गेलो. रस्ताभर मी काहीतरी सुचावं म्हणून धडपडत होतो आणि पाय चालत होते. मिस्त्री दुकानाच्या पायरीवर बसून एका चौरंगाचा पाय घासत होते. मला बघून हसले. "या मास्तर. झाली का गंमत?"

मेहुण्यांनी फळी त्यांच्यापुढे आदळली. "ही काय गंमत आहे? जित्या माणसाला अपसव्य करता? अक्कल नाही तर असली कामं घेता कशाला?" आवाज मोठा होता. शेजारच्या दुकानांतले लोक बाहेर आले.

मिस्त्रींनी फळी उचलली. शिवणीची, त्यांच्याच रंध्याखालची. त्यांनी चेहरा पाहिला, खांदा पाहिला, ब्लेडचा ओरखडासुद्धा पाहिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. मी मान हलवली नाही, तोंड उघडलं नाही.

"व्हय," मिस्त्री म्हणाले. "चुकलं. मास्तरांच्या सासुरवाडीचं काम, नीट बघायला पायजे हुतं."

का म्हणाले असतील? मी खूप विचार केला आहे. जावयाची सासरी लाज जाऊ नये म्हणून, एवढंच मला सुचतं. त्या माणसाला माझ्या अब्रूची काळजी माझ्यापेक्षा जास्त होती असं नाही, पण त्यांच्या अब्रूची काळजी मला मुळीच नव्हती, हे खरं आहे.

त्या दिवसानंतर मी त्या बोळातून जाणं सोडलं. रविवार आले आणि गेले.

पुढच्या वर्षी सासरे वारले. दोन महिने आजारी होते, छातीचं दुखणं. डॉक्टरांनी आधीपासून सांगितलं होतं. पण घरातल्या बायका फळीबद्दलच बोलत. "तेव्हाच कळलं होतं," ती म्हातारी आत्या म्हणायची. हे बोलणं भिंतीपलीकडे गेलं, तिथून पुढे गेलं. मिस्त्रींचं निम्मं काम शुभकार्याचं. लग्नाचा पाट, मुंजीचा चौरंग कुणी अपशकुनी हाताकडे कशाला देईल? आमच्या पेठेतली घरं आधी थांबली, मग त्यांच्या ओळखीची. तीन वर्षांत दुकान बंद झालं. मिस्त्री इचलकरंजीच्या बाजूला गेले म्हणून मला शाळेच्या शिपायाकडून कळलं. कबनूरला मागांचे, आडवा धागा नेणारे लाकडी धोटे दुरुस्त करतात म्हणे.

तरीही मी गप्प होतो. सासऱ्यांच्या श्राद्धाला दरवर्षी मेहुणे जानवं उजव्या खांद्यावर घ्यायचे आणि मी ताटाकडे बघत बसायचो. बायको घरी कधी त्या विषयावर बोलली नाही. ती नीट वागायची, वेळेवर चहा द्यायची. पण मी काहीही सांगू लागलो, शाळेतली साधी हकीकत जरी, तरी ती क्षणभर थांबून माझ्या तोंडाकडे बघायची. खरं आहे का हे, असं तपासल्यासारखं.

चौथ्या वर्षी, शाळेच्या शिक्षकखोलीत, मधल्या सुट्टीत एक नवे शिक्षक गोष्ट सांगत होते. एका ब्राह्मण मास्तरांच्या साठीशांतीला एका मिस्त्रीनं मुद्दाम त्यांचं जानवं उलटं काढून पाठवलं. मुद्दाम! अठ्ठेचाळीस साली घर जाळून समाधान झालं नव्हतं म्हणून. आणि वर्षात म्हातारा गेला.

"ह्या लोकांच्या मनातलं जात नाही बघा," ते म्हणाले.

"अहो, मग तो मिस्त्री जाळपोळीत होता काय?" दुसऱ्यांनी विचारलं.

"असणारच की."

मी चहाचा कप खाली ठेवला. मिस्त्रींनी कुणाचं घर जाळलं नव्हतं. उलट जाळपोळीच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या दुकानात दोन ब्राह्मण कुटुंबांना लपवलं होतं, ते त्यांनी मला एका रविवारी काम करता करता, विशेष काही न सांगितल्यासारखं सांगितलं होतं. आणि आता माझ्या एका वाक्यातून हे उगवलं होतं. हे वाक्य उद्या कुठे जाईल, कुणाच्या मुलाला कुणाच्या मुलाबद्दल काय शिकवेल, याला काही अंत दिसेना.

"ती फळी मी केली होती," मी म्हणालो. माझा आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणालो. मग सगळे वळले.

त्या संध्याकाळी मी बायकोला घेऊन सासूबाईंकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मेहुणे कोर्टातून आलेले. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: गुरुवारची दुपार, ब्लेड, घाईनं मारलेलं वार्निश. मेहुणे मध्येच उठले, पुन्हा बसले. "म्हणजे मी त्या माणसाला भर रस्त्यात..." एवढंच ते म्हणाले.

"मला माहीत होतं," माझी बायको म्हणाली. "तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ते गेले ते फळीमुळे नाही गेले. एवढं मला कळतं, जावईबापू. पण एवढे दिवस मी एका माणसाला शिव्याशाप दिले, ते आता कुठे ठेवू?"

"मला क्षमा करा," मी म्हणालो.

"माझ्यापुढे हात जोडून काय उपयोग? ज्याचं नाव घेतलंत त्याच्याकडे जा. आणि ह्यालाही न्या. हाही ओरडला होता."

पुढच्याच रविवारी मी आणि मेहुणे एस.टी.नं इचलकरंजीला उतरलो आणि तिथून कबनूरला चालत गेलो. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये वीस-पंचवीस माग धडधडत होते. कोपऱ्यात मिस्त्री बसले होते, मांडीवर धोटा, हातात कानस. केस पूर्ण पांढरे झालेले. त्यांनी आम्हाला ओळखलं, मेहुण्यांकडे एकदा नीट पाहिलं आणि कानस खाली ठेवली.

"आलासा?" ते म्हणाले. "लई लौकर आला की मास्तर."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं म्हणून टाकली. त्यांनी कानामागे हात धरला.

"काय म्हनताय? मोठ्यानं बोला. हितं हळू बोललेलं कुणाला ऐकू येत न्हाय."

मी पुन्हा बोललो. मागांच्या आवाजात ते पुन्हा बुडालं. शेजारच्या मागावरचा माणूस आमच्याकडे बघू लागला. त्यानं दांडा ओढून माग थांबवला. त्याचं बघून पलीकडच्यानं थांबवला, मग आणखी एकानं. शेडच्या त्या कोपऱ्यात आवाज खाली आला. दहा-बारा अनोळखी माणसं बघत होती. मेहुणे माझ्या मागे हात जोडून उभे होते.

मला वाटलं होतं, हे दोघांत होईल. पण मी त्यांचं नाव पन्नास माणसांत खराब केलं होतं, ते दोघांत धुता आलं नसतं. मी उठून उभा राहिलो आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावं अशा आवाजात म्हणालो:

"मिस्त्री, ती फळी मी केली. तुम्ही मला सांगितलं होतं, तरी मी केली. उलटी झालेली मला दिसली, तरी दिली. आणि विचारल्यावर तुमचं नाव घेतलं. तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं. तुमचं दुकान माझ्यामुळे गेलं. मी खोटं बोललो, मला माफ करा."